गोलवाले, चौकोनवाले आणि वरचढ सर

नवा फोन घ्यायचा असला की गल्लीतला माणूस आधी वरचढ सरांकडे जायचा आणि सल्ला घेऊन जुनाच फोन वापरत राहायचा. सर काही घेऊ नका म्हणायचे नाहीत. उलट घ्याच म्हणायचे. पण कुठला घ्यायचा, तोच का घ्यायचा, दुसरा का घ्यायचा नाही, आणि दुसरा घेणाऱ्याच्या बुद्धीबद्दल सरांचं प्रामाणिक मत काय आहे, हे ऐकता ऐकता चहा गार व्हायचा, दिवे लागायचे आणि माणसाचा उत्साह मावळायचा.

वरचढ हे नाव त्यांना शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीनं दिलेलं. खरं नाव मस्टरवर होतं आणि तिथंच राहिलं. दोन वस्तू समोर आल्या की त्यांतली कुठली वरचढ हे ठरवल्याशिवाय सरांच्या घशाखाली घास उतरत नसे. दोन पेनं असोत, दोन पंखे असोत, नाहीतर दोन दाताचे डॉक्टर. एका सहकाऱ्याला जुळ्या मुली झाल्या तेव्हा सरांना बाळं बघायला न्यायचं की नाही, यावर त्या खोलीत म्हणे बराच खल झाला होता.

बाजारात फोनच्या कंपन्या पुष्कळ, पण सरांच्या जगात दोनच. एकीच्या फोनच्या पाठीवर गोल कॅमेरा, दुसरीच्या पाठीवर चौकोनी. म्हणून एक गोलवाले आणि दुसरे चौकोनवाले. सर जन्मजात गोलवाले. कंपनी सरांच्या जन्मानंतर पंचवीसेक वर्षांनी निघाली होती, पण भक्तीला असला हिशेब लागत नाही.

चौकोनवाल्यांचा पुढारी दुर्दैवानं घरातच होता. सरांच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे दाजी. चौकातलं मोबाईलचं दुकान त्यांचं. काउंटरच्या काचेखाली चौकोनवाल्यांचे फोन देव्हाऱ्यात मांडावेत तसे मांडलेले असायचे आणि गोलवाल्यांचा एखादा फोन दुरुस्तीला आला तर दाजी तो दोन बोटांत धरायचे, मेलेला उंदीर धरावा तसा. सरांचं लग्न राहून गेलेलं, त्यामुळे ते बहिणीच्याच घरी वरच्या खोलीत राहायचे आणि दोन्ही वेळा खाली जेवायला यायचे. जेवायला म्हणजे भांडायला. मधेमधे जेवण व्हायचं.

"याला मुलगी दाखवायला नेलं होतं ना," दाजी पाहुण्यांना हमखास सांगायचे, "तर हा म्हणाला, पुढचं मॉडेल येऊ दे, मग बघू."

"उगाच काहीतरी सांगू नका," ताई पानात वाढता वाढता म्हणायच्या. "तसं तिनं म्हटलं होतं. याला बघून."

ताईंपुढे दोघांचीही बॅटरी उतरायची. ताई सरांच्या नुसत्या बहीण नव्हत्या, त्यांच्याच सरकारी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. सकाळी दोघं एकाच स्कूटरवरून निघायची. रस्ताभर "ब्रेक कुठं दाबतोयस, गधड्या" असं चाललेलं असायचं. शाळेचं फाटक आलं की ताई उतरायच्या, पदर सारखा करायच्या आणि म्हणायच्या, "सर, सातवीच्या चाचणीचं काय झालं?" आणि सर म्हणायचे, "आज देतो, मॅडम." यात कुणालाही हसू यायचं नाही. त्या दोघांना तर नाहीच.

सर सातवीला गणित शिकवायचे. वर्गात साठ पोरं. पहिल्या तीन बाकांना गणित पोचायचं, मधल्या बाकांना आवाज पोचायचा आणि मागच्यांना नुसते सर दिसायचे. शेजारी एक खोली होती, पण तिच्यात कुठल्यातरी जुन्या योजनेतले संगणक होते. संगणक आले तेव्हा टेबलं आली नव्हती. टेबलं आली तेव्हा वायरिंग झालं नव्हतं. वायरिंग झालं तेव्हा संगणक म्हातारे झाले होते. ते टाकून द्यायची कुणाची छाती नव्हती, कारण सरकारी वस्तू मोडली तरी ती सरकारचीच. त्यामुळे पोरं दाटीवाटीनं बसायची आणि संगणक ऐसपैस.

तर ताईंचं एकच मागणं होतं: ती खोली मोकळी करा आणि गणिताला आणखी एक शिक्षक द्या. वर्ग निम्मा होऊ दे. हे मागणं त्या वर्षानुवर्षं करत होत्या आणि ते वर्षानुवर्षं विचाराधीन होतं. तेवढ्या काळात चार साहेब बदलले, विचार तोच राहिला. यंदाचं त्यांचं शेवटचं वर्ष. "मी जाईन, पण वर्ग साठाचाच ठेवून जाणार नाही," असं त्या एकदा स्कूटरवर मागं बसून म्हणाल्या होत्या. सर तेव्हा गोलवाल्यांच्या नव्या प्रोसेसरबद्दल सांगत होते, त्यामुळे त्यांना ते अर्धंच ऐकू आलं.

शिक्षक काही आला नाही. टॅब आले.

झालं असं, की टॅब कुणाचे घ्यायचे यावरून वरच्या कचेरीत दोन्ही कंपन्यांची माणसं रोज येऊन बसायला लागली. साहेब मोठे मुत्सद्दी. कुणालाच दुखवायचं नाही म्हणून त्यांनी तोडगा काढला: या शाळेच्या सातवीला निम्मे टॅब गोलवाल्यांचे, निम्मे चौकोनवाल्यांचे. अपूर्णांकांचा धडा पुरा टॅबवर शिकवायचा, मग स्वतः साहेब येऊन पोरांना फळ्यापाशी उभं करून बघणार. ज्यांची पोरं वरचढ, त्या कंपनीचे टॅब सगळ्या शाळांना. याला नाव दिलं तुलनात्मक प्रयोग. आणि प्रयोगप्रमुख कोण? तर वरचढ सर. सशाला गाजराच्या शेताचा राखणदार नेमलं.

त्यातून गोलवाल्यांचा प्रतिनिधी, कडक इस्त्रीचा एक तरुण, सरांच्या कानाला लागला. म्हणाला, "सर, आपले विद्यार्थी जिंकले तर कंपनीच्या मोठ्या सोहळ्यात तुम्हाला स्टेजवर बोलवायचं ठरतंय. दोन मिनिटं बोलायचं. मागं पडद्यावर तुमचा फोटो."

सर त्या दिवशी जेवायला आले तेच तरंगत.

"स्टेजवर?" दाजींच्या हातातला घास हातातच राहिला.

"मोठ्या पडद्यावर फोटोसकट," सर म्हणाले. "तुमच्या चौकोनवाल्यांनी तुम्हाला आजवर काय दिलं? एक टोपी. तीही डोक्याला होत नाही."

"पोरं जिंकू दे आधी, मास्तर. गोलवाल्यांचा टॅब म्हणजे दिसायला राजबिंडा आणि पोटात वायू."

"दोघंही हळू बोला," ताई म्हणाल्या. "शाळेत एकच सॉकेट चालतं, ते माझ्या खोलीत आहे. साठ टॅब कसे चार्ज करायचे ते सांगा आधी."

ते कुणाला सांगता येईना. शेवटी ताईंच्या टेबलाभोवती एक्स्टेंशनच्या तारांचं असं जाळं झालं की मॅडमना भेटायला येणारा पालक उंबऱ्यापासून उड्या मारत यायचा. पंखा लावला की फ्यूज जायचा, म्हणून पंखा बंद. गोलवाल्यांचा चार्जर चौकोनवाल्यांना बसायचा नाही आणि चौकोनवाल्यांचा गोलवाल्यांना, तेव्हा मॅडम घाम पुसत पुसत पोरांना विचारायच्या, "तू कोण? गोल की चौकोन?" आठवडाभरात पोरंच एकमेकांना तसं विचारायला लागली. वर्गाच्या मधोमध जायला एक वाट होती, ती सरहद्द झाली. गोलाकडची पोरं चौकोनाकडच्यांना रबर देईनात.

टॅबवरचे धडे मात्र झकास. गोलवाल्यांच्या धड्यात एक ससा होता. प्रश्नाखाली चार पर्याय यायचे, बरोबर बोट लागलं की ससा उडी मारून "शाब्बास!" म्हणायचा. चुकलं तर "पुन्हा प्रयत्न करा." पोरांनी दुसऱ्याच दिवशी शोध लावला की प्रश्न न वाचता चारही पर्याय एकामागून एक दाबले तरी ससा उडी मारतोच. वर्गात शाब्बासकीचा नुसता पाऊस. चौकोनवाल्यांच्या टॅबवर अपडेट मागणारं एक चक्र गरगरायचं. ते थांबेपर्यंत पोरं चित्रं काढायची.

सरांनी एकदा परीक्षा म्हणून गोलाकडच्या एका मुलाला उभं केलं. "सांग, दोन तृतीयांश मोठा की तीन चतुर्थांश?"

मुलानं आधी बाकावरचा टॅब चाचपला. मग नम्रपणे म्हणाला, "सर, ऑप्शन काय आहेत?"

"हेच दोन!"

"मग मी दोन्ही दाबतो."

स्टेज डोळ्यांपुढून मागं मागं सरकायला लागलं. चौकोनाकडं विचारून बघावं म्हणून त्यांनी तिकडच्या एका मुलीला विचारलं, तर तिनं टॅब बाजूला सारून वहीत काढलेला मोर दाखवला. मोर चांगला होता. पण सरांना त्यातही धास्ती वाटली. निदान मोर तरी आला. आपल्या पोरांना काहीच येत नाही.

तेव्हा सरांनी जे केलं ते त्यांच्यासारख्यालाच सुचेल. शाळा सुटली की गोलाकडची पोरं थांबवून घ्यायची आणि दार ओढून घ्यायचं. नियम असा होता की अपूर्णांक टॅबवरच शिकवायचे. म्हणून सरांनी पोरांना सांगितलं, "सगळ्यांनी टॅब मांडीवर घ्या."

"चालू करू का, सर?"

"चालू कशाला? नुसता मांडीवर असू दे. आपण नियम पाळतोय."

असं नियमाचं समाधान झाल्यावर सर खडू घेऊन फळ्याकडं वळले. तीस पोरं. सरांनी एवढी कमी पोरं कैक वर्षांत एकदम बघितली नव्हती. शेवटच्या बाकावरच्या मुलाचं नाक गळतंय हेसुद्धा दिसत होतं. त्यांनी फळ्यावर एक भिंत काढली. "ही बारा विटांची भिंत. तिचे तीन सारखे भाग केले तर एकेका भागात विटा किती?" मागच्या बाकावरून उत्तर आलं. सर दचकलेच. मागच्या बाकावरून आजवर फक्त विमानं आली होती.

मग सरांना चेवच चढला. एखाद्याला विटांनी कळलं नाही की ते त्याच्या शेजारी जाऊन बसायचे, त्याच्या वहीत पुन्हा भिंत काढायचे. कुणाचं कुठं अडतं ते त्यांना पाठ झालं. घरी यायला उशीर व्हायला लागला.

"कुठं असतोस रे?" ताई विचारायच्या.

"टॅबचा सराव," सर म्हणायचे. पुढचं विचारू नये म्हणून भात कालवायला लागायचे. ताईही पुढचं विचारायच्या नाहीत. त्यांच्या खोलीची खिडकी सातवीच्या वर्गासमोरच होती, हे सरांच्या डोक्यात कसं आलं नाही कुणास ठाऊक.

एक गोष्ट मात्र सरांच्या ध्यानात आली. दाजी हल्ली भांडत नव्हते. गोलवाल्यांच्या कॅमेऱ्याची एवढी तारीफ केली तरी गप्प. दुकानाचं शटरही दुपारनंतर अर्धं खाली असायचं. "धंदा मंदावलाय," दाजी तुटक बोलायचे. सरांना वाटलं, हरणार हे कळून चुकलं बिचाऱ्यांना. त्यांना जरा दयाच आली. आरशासमोर उभं राहून दोन मिनिटांच्या भाषणाची तालीम करताना त्यांनी त्यात "माझे आदरणीय दाजी" असे दोन शब्द मोठ्या मनानं घातले.

साहेब आले त्या दिवशी वर्ग धुऊन घेतला होता. एका बाजूला गोलवाल्यांचा इस्त्रीवाला, दुसऱ्या बाजूला चौकोनवाल्यांचा प्रतिनिधी, तोही इस्त्रीवालाच, पण गळ्यात ओळखपत्र मोठं. मागं भिंतीशी शाळा समितीची माणसं आणि त्यांत समितीचे सभासद म्हणून दाजी. दाजींनी नवा शर्ट घातला होता. ताई साहेबांच्या शेजारी, हात मांडीवर घेऊन.

साहेबांनी गोलाकडचा मुलगा बोलावला. तोच, दोन्ही दाबणारा.

"दोन तृतीयांश आणि तीन चतुर्थांश. मोठा कोण?"

मुलानं फळ्यावर भिंत काढली. "बारा विटा. याच्या आठ, त्याच्या नऊ. तीन चतुर्थांश एका विटेनं मोठा."

"वा!" साहेब म्हणाले. गोलवाल्यांच्या प्रतिनिधीनं सरांकडं बघून डोळे मिचकावले. सरांना स्टेजवरचे दिवे दिसायला लागले.

मग साहेबांनी चौकोनाकडची मुलगी बोलावली, ती मोरवाली. "पाच अष्टमांश आणि तीन पंचमांश?"

हे अवघड होतं. सर मनात म्हणाले, गेली. मुलगी फळ्यापाशी गेली आणि तिनं दोन आडव्या बॅटऱ्या काढल्या. टोकाच्या चिमुकल्या टोपणासकट. "दोन्ही अर्ध्याच्या वर चार्ज आहेत," ती म्हणाली. "ही अर्ध्यावर एक अष्टमांश आहे, ती अर्ध्यावर एक दशांश. अष्टमांशाचा तुकडा मोठा. म्हणून ही जास्त चार्ज."

साहेबांनी टाळी वाजवली. सर मात्र बॅटरीकडं बघतच राहिले. ही आडवी बॅटरी, हे टोपण, ही आतली उभी रेघ त्यांनी हजारदा बघितली होती. दुकानात गिऱ्हाईक आलं की दाजी बिलाच्या पाठीवर हेच चित्र काढून विचारायचे, "सकाळी इथवर होती ना? आता कुठवर आली?" सरांची मान आपोआप मागं वळली. दाजी छताकडं बघत होते. छतावर बघण्यासारखं काहीच नव्हतं.

अर्धं खाली ओढलेलं शटर! सरांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. लबाड! चौकोनाची पोरं रोज दुकानात! आता नुसतं तोंड उघडायचं, की चौकोनवाले बाद. स्टेज आपलंच.

तेवढ्यात साहेब उठून उभे राहिले. "मॅडम, मी फार खूश आहे. दोन्ही टॅब उत्तम. कुठला जास्त उत्तम ते बसून ठरवू. पण एक गोष्ट आजच मिटली." ते हसून ताईंकडं वळले. "तुमचं ते दुसऱ्या शिक्षकाचं मागणं. आता काय गरज? साठ पोरं असू द्या नाहीतर ऐंशी, यंत्र शिकवतंय. मी ते मागणं निकाली काढून टाकतो. तुम्हीही निवांत निवृत्त व्हा."

चारचौघांत एकच गोष्ट दोनदा मागायची ताईंची रीत नव्हती. त्यांनी चष्मा काढला आणि पदरानं पुसायला लागल्या. काचा स्वच्छ होत्या. तरी पुसत राहिल्या.

स्कूटरवर अर्धवट ऐकलेलं वाक्य सरांना आता पुरं ऐकू आलं.

"साहेब," सर म्हणाले. "ससा नाही शिकवत. मी शिकवलं."

गोलवाल्यांचा प्रतिनिधी गडबडीनं हसला. "सरांनी मार्गदर्शन केलं, असं म्हणायचंय त्यांना."

"मार्गदर्शन नाही. शिकवलं. शाळा सुटल्यावर, दार लावून, फळ्यावर. टॅब मांडीवर होते."

"चालू होते ना?" प्रतिनिधीनं काकुळतीनं विचारलं.

गोलाकडच्या तीस पोरांनी एका सुरात उत्तर दिलं, "बंद!"

मग चौकोनवाल्यांचा प्रतिनिधी उठला, ओळखपत्र सरळ केलं आणि म्हणाला, "म्हणजे साहेब, आमच्या टॅबनं खरोखर शिकवलं. आमचा विजय झाला."

आता बोलायचं. सर वळले. समोर दाजी. नवा शर्ट, कपाळावर घाम. साहेब, चौकोनवाल्यांनीही तेच केलंय, विचारा माझ्या दाजींना. एवढंच वाक्य. जिभेच्या टोकावर बसलं होतं. आजवरची जेवणं, टोमणे, ती मुलगी दाखवल्याची गोष्ट, सगळ्याचं उट्टं एका वाक्यात. पण समोरचा माणूस पोरांना शिकवून आला होता आणि लाजेनं छताकडं बघत होता. सरांनी वाक्य गिळलं. ते इतकं मोठं होतं की गिळताना त्यांचे डोळे पाणावले.

"असेल," सर म्हणाले. "चौकोन वरचढ असेल."

हे ऐकून मागं खुर्ची आपटली.

"ए मास्तर!" दाजी उभे राहून ओरडले. "मेहुण्याच्या मेहेरबानीवर जिंकायला मी आलेलो नाही! तुला दिसलं ना फळ्यावर? मग बोलत का नाहीस? साहेब, चौकोनाची पोरं रोज माझ्या दुकानात होती. मी शिकवलंय. बॅटरी माझी आहे!"

"आणि टॅब?" साहेबांनी खचलेल्या आवाजात विचारलं.

"दुरुस्तीच्या कपाटात. चक्र फिरून फिरून तापले होते."

"पण दाजी," आता सरांनाही राहवेना, "पाच अष्टमांशाला बॅटरी? विटा घेतल्या असत्या तर चाळीस विटांत स्वच्छ दिसलं असतं."

"चाळीस विटा काढेपर्यंत पोरगी सासरी जाईल! बॅटरीत एका रेघेत होतं."

"छेद सारखे करायला नकोत?"

"करायचे ना, पण आधी डोळ्याला दिसू दे!"

"सर, बॅटरीनं लवकर समजतं," मोरवाली मुलगी धिटाईनं म्हणाली. "विटांनी पक्कं समजतं!" गोलाकडून आरोळी आली. पुढं दोन मिनिटं वर्गात कोण काय बोलत होतं ते सांगणं कठीण आहे. एवढं खरं, की सगळे अपूर्णांकांवरच भांडत होते, मागच्या बाकासकट.

"गप्प बसा सगळे," ताई म्हणाल्या. मोठ्यानं नाही. सगळे बसले. दाजीही बसले, सवयीनं.

साहेब कपाळ चोळत होते. "मॅडम, आता मी वर काय कळवू?"

ताईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "झालं ते कळवा. साठाचे तीस झाले, एकाचे दोघं झाले, पोरं शिकली. दोघंही लबाडी करत होते, पण रोज वेळेवर करत होते. आणि कंपन्यांनाही निराश करू नका. टॅब बंद ठेवून धडा पुरा झाला. बॅटरी किती टिकते याची जाहिरात करतील बिचारे."

"तुम्हाला आधीपासून माहीत होतं?" साहेबांनी विचारलं.

"माझी खिडकी वर्गासमोर आहे. आणि दुकानाच्या गल्ल्याची किल्ली माझ्याजवळ असते, दुपारनंतर तो रिकामा राहायला लागला तेव्हाच कळलं."

साहेब मुत्सद्दी खरे. त्यांनी वर काय कळवलं ते कुणी पाहिलं नाही. टॅबचा प्रयोग "आणखी अभ्यासाची गरज" म्हणून पुढं ढकलला गेला आणि दोन्ही कंपन्या आपापल्या सोयीनं खूश झाल्या. कायमचा शिक्षक मिळाला नाही, तो अजून विचाराधीन आहे. पण वर्ष संपेपर्यंत तासिका तत्त्वावर एक बाई मिळाल्या, आणि संगणक दोन दिवसांत हलवले गेले. इतकी वर्षं अडलेली ती खोली अखेर दाजींच्या टेम्पोनं रिकामी झाली. गोलवाल्यांच्या प्रतिनिधीनं सरांचे फोन घेणं सोडलं. स्टेज गेलं ते गेलंच. सर आठवडाभर आरशासमोर जरा कमी वेळ उभे राहिले, एवढंच.

दाजींनाही चुकल्यासारखं होत होतं. दुकान आता दुपारी पुरं उघडं असायचं आणि तरी ते बाहेर उभं राहून शाळा सुटायची वाट बघायचे. "माझं काय, धंदा बुडत होता, बरं झालं," असं ते सांगायचे, कुणी विचारलं नाही तरी.

नव्या बाई बोलायला मऊ, दिसायला किरकोळ. त्यांच्याकडं वर्गाची निम्मी पोरं गेली. सरांनी पहिल्याच दिवशी त्यांना फोन कुठला वापरता ते विचारलं, उत्तर ऐकलं आणि सरळ आपल्या वर्गात गेले.

पंधरवड्यानंतर सर मुख्याध्यापकांच्या खोलीच्या दारात उभे.

"मॅडम, शनिवारी शाळा सुटल्यावर वर्ग उघडा ठेवता येईल का? जादा तास घ्यायचाय."

ताईंनी वर बघितलं. शनिवारचा जादा तास त्या या भावाकडं कितीदा मागून थकल्या होत्या. शनिवारी संध्याकाळी गोलवाल्यांचे नवे व्हिडिओ यायचे, म्हणून सर कधी सापडायचे नाहीत.

"कशाला?"

"पलीकडं दशांश सुरू झाले," सर म्हणाले. "आमची अजून अपूर्णांकांतच आहेत."

"सर, तुमची काय त्या बाईंशी स्पर्धा लागलीय का?"

"छे, छे! स्पर्धा कसली, मॅडम? नवीन आहेत त्या. चांगल्या आहेत." सर जायला वळले, पुन्हा थांबले. "तशा बऱ्या आहेत. पण त्यांचा फळ्यावरचा सात बघितलात? एकासारखा दिसतो."

ताईंनी वर्गाची किल्ली टेबलावरून पुढं सरकवली. सरांनी ती उचलली, कपाटातला नवा खडूचा डबाही उचलला आणि वर्गात जाऊन दशांश चिन्हाचा पहिला ठिपका फळ्यावर असा ठोकला की पलीकडच्या वर्गातल्या बाई बोलता बोलता थांबल्या.